तोंडाच्या बायोप्सीचे एफटीआयआर (अवरक्त वर्णपट): नवा रुग्ण आला की मॉडेल आपटते

स्लाइडवाला:
चिमूर-मूल भागातल्या खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांच्या गालाच्या बायोप्सी आहेत. पॅराफिन (मेण) ब्लॉक, ५ मायक्रॉनचे काप, डायमंड एटीआर (काप हिऱ्याच्या स्फटिकावर दाबून मोजायची पद्धत). रँडम फॉरेस्ट हे मशीन लर्निंग मॉडेल कर्करोग अन् नॉर्मल जवळपास बिनचूक वेगळे करते. नव्या रुग्णांवर मात्र निम्मी उत्तरे चुकतात. कुठे पाहू?

वर्णपट_वर्धा:
आधी डेटा कसा वाटला ते पाहा. एकाच रुग्णाचे काही स्पेक्ट्रा (वर्णपट) ट्रेनिंगमध्ये अन् काही टेस्टमध्ये गेले, की मॉडेल रोग सोडून माणूस ओळखते. रुग्णनिहाय वाटा. रुग्ण थोडे असतील तर दर फेरीत एक अख्खा रुग्ण बाहेर ठेवा. पीसीए (डेटा मोजक्या घटकांत आटवणं) त्या फेरीच्या ट्रेनिंग डेटावरच, आधीच सगळ्यावर नाही.
१४६२ अन् १३७५ सेंमी⁻¹ जवळ टोकदार शिखरे दिसली तर मेण राहिलं आहे, झायलीन (मेण विरघळवणारं द्रावण) बदला. झायलीन चरबीही ओढून नेते, म्हणून २८०० ते ३००० चा पट्टा सोडा, ९०० ते १८०० ठेवा.

कूलर_बंद_करा:
खोलीत डेझर्ट कूलर चालतो का, भाऊ? पाण्याच्या वाफेच्या बारीक काटेरी रेषा नेमक्या प्रथिनांच्या पट्ट्यांवर, अमाइड १ (१६५०) अन् अमाइड २ (१५५०) वर बसतात, दुसरं डेरिव्हेटिव्ह घेतलं की आणखीच उठून दिसतात. १८०० ते १९०० मध्ये ऊतकाचं जवळपास काही नसतं. तिथे काटे दिसले तर ती वाफच. बॅकग्राउंड (नमुन्याविना मोजणी) प्रत्येक नमुन्याआधी घ्या. लाईन जाऊन आली की यंत्र तासभर तापू द्या. अन् दोन्ही गट एकाच दिवशी मिसळून मोजा, नाहीतर कर्करोग मे महिन्यात, नॉर्मल श्रावणात, अन् मॉडेल ऋतू शिकून मोकळं!

मुखपॅथॉलॉजी:
वरचं सगळं बरोबर, पण माझा संशय वेगळा. नॉर्मल कुणाचे घेतले? खर्रा न खाणाऱ्यांचे असतील तर मॉडेल फायब्रोसिस शिकलं. सुपारीमुळे सबम्युकस फायब्रोसिस होतो (अस्तराखालचा थर तंतुमय होऊन तोंड कमी उघडतं), कोलॅजन हे तंतूंचं प्रथिन साचतं, अन् त्याची शिखरे १२०४, १२८०, १३३८ जवळ येतात. कर्करोग नसलेले पण तोंड कमी उघडणारे रुग्ण तिसरा गट म्हणून घ्या, मग फीचर इम्पॉर्टन्स (मॉडेल कोणत्या शिखरांवर भर देतं ते) काढा. हीच तीन शिखरे वर आली तर समजून जा.
शिवाय डायमंडखाली एक-दीड मिलीमीटरचा भाग येतो, त्यात एपिथेलियम (वरचं अस्तर) अन् खालचा तंतुमय थर दोन्ही मिसळतात. शेजारचा काप एच अँड ई रंगात रंगवून पॅथॉलॉजिस्टकडून एपिथेलियमवर खूण करून घ्या. एपिथेलियमची पट्टी अरुंद असेल तर एटीआरचा नाद सोडा, कॅल्शियम फ्लोराइडच्या स्लाइडवर एफटीआयआर मायक्रोस्कोप लागेल. साधी काच तिथे चालत नाही, २००० च्या खालचं सगळं गिळते.