टर्नआउटला 20 गुण, डायरीला 5: हे गणित उलटं नको का?

चार्जबुक (धागाकर्ता)

सोसायटी किंवा एमआयडीसीतला कारखाना दर महिन्याला सुरक्षा एजन्सीचं मूल्यमापन करतो. असाच एक तक्ता समोर आहे. टर्नआउट (इस्त्री, बूट, दाढी, टोपी) 20 गुण, 'रजिस्टर अद्ययावत' (गार्डची डायरी यातच धरतात) 5 गुण. माझ्या मते हे आकडे उलटे हवेत.

खासगी सुरक्षा एजन्सी कायदा 2005 चा. त्याखालच्या केंद्राच्या 2006 च्या नमुना नियमांत (2020 मध्ये त्यांच्या जागी नवे आले) गणवेशाची यादी होती: दंडावर एजन्सीचा बिल्ला, दोरीला बांधलेली शिट्टी डाव्या खिशात, नाडीचे बूट, टोपी. त्याच नियमांत असंही म्हटलं होतं की प्रत्येक गार्डजवळ नोटबुक आणि लिहायचं साधन असावं. शिट्टीचा खिसा सुपरवायझरला तोंडपाठ असतो, नोटबुकबद्दल फॉल-इनला (पाळीआधीच्या रांगेतल्या हजेरीला) कुणी विचारत नाही.

आता ओबीत (ऑकरन्स बुक, म्हणजे घटनांची नोंदवही) सापडणारी नेहमीची नोंद बघा: 'रात्री एक संशयित इसम फिरताना दिसला, हाकलून दिला.' यातून पोलिसांनी काय काढायचं? तीच नोंद अशी हवी:

'23:40. बी विंगमागे, पाण्याच्या टाकीजवळ. पुरुष, 25 ते 30, उंची गेटच्या खांबावरच्या दुसऱ्या खुणेइतकी. निळा रेनकोट, उजव्या हातात काळी सॅक. "चौथ्या मजल्यावर जायचंय" म्हणाला, फ्लॅट नंबर सांगता आला नाही. 23:44 ला मोटारसायकलने मेन रोडकडे. शेवटचे चार आकडे 4417, आधीची अक्षरं वाचता आली नाहीत. 23:46 सुपरवायझरला फोन.'

'संशयित' हा शब्द त्यात कुठेही नाही. तो निष्कर्ष आहे आणि तो वाचणाऱ्याने काढायचा. जे वाचता आलं नाही, तेही लिहिलंय. अंदाजाने भरलेलं एक अक्षर पोलिसांना भलत्याच गाडीमागे पळवतं. वाहन क्रमांकात शेवटच्या आकड्यांआधी येणाऱ्या मालिकेत आय आणि ओ ही अक्षरं वापरत नाहीत, त्यामुळे तिथे ओ लिहिलेला दिसला की तो बहुधा डी किंवा क्यू असतो.

नाडीबंद

साफ असहमत. गार्डच्या हातात पोलिसांचे अधिकार नाहीत. त्याचं हत्यार एकच, 'थांबा' हा शब्द, आणि तो चालतो कपड्यांवर. शर्ट बाहेर, टोपी खुर्चीवर, पायात चप्पल असा माणूस हात करतो तेव्हा टेम्पोवाला काच खाली करत नाही. गाडी थांबलीच नाही तर डायरीत लिहिणार काय?

आणि टर्नआउट म्हणजे नुसती इस्त्री नव्हे. ओळखपत्र कंबरेच्या वर, सगळ्यात बाहेरच्या कपड्यावर दिसलं पाहिजे, हाही नियमच आहे. पावसाळ्यात रेनकोट चढला की ते आत जातं आणि गेटवर उभा माणूस कोण हे कुणालाच कळत नाही. रेनकोटवर लावायचा पारदर्शक खिसा स्वस्तात मिळतो, पण देतं कोण? कारखान्यात फिरणाऱ्या यंत्राजवळ गाठीचा टाय धोक्याचा, तिथे क्लिपचाच हवा. ओळखपत्राची दोरीही झटका बसला की सुटणारी पाहिजे. रात्री पार्किंगच्या पॉइंटवर परावर्तक जॅकेट नसेल तर रिव्हर्स घेणाऱ्याला गार्ड दिसतच नाही. या गोष्टींना 20 गुण कमीच आहेत.

उलट बाजूही सांगतो. खांद्यावर फौजदारासारखे तारे लावून फिरवणाऱ्या एजन्सीला 20 पैकी शून्य द्या. लष्कर किंवा पोलिसांसारखा दिसणारा गणवेश याच कायद्याच्या कलम 21 खाली गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दोन जोड

बारा तासांची पाळी, कपड्यांचे दोन जोड, जुलैत दोन दिवस न वाळणारं टेरीकॉट, आणि इस्त्रीचा खर्च गार्डच्या खिशातून. त्यावर गुण कापले की एजन्सी तेवढेच पैसे पगारातून कापते. चामडी बूट ओले राहिले की बोटांमध्ये चिखल्या होतात, मग माणूस चप्पल घालतो आणि नाडीबंद साहेब त्याचे गुण कापतात. आधी करारात तिसरा जोड आणि गमबूट लिहा, गुणांचं नंतर बघू.

स्कॅनगेट

2006 चे नियम घेऊन किती दिवस भांडणार? गेटवर अ‍ॅप आहे. फोटो, वेळ, फ्लॅटची मंजुरी, सगळं आपोआप नोंदतं. कागदी रजिस्टरात लोक 'वरीलप्रमाणे'च्या खुणा करतात, नाव म्हणून नुसती रेघ ओढतात. वरच्या ओळीतल्या बाईचा मोबाइल नंबर खालचा डिलिव्हरीवाला आरामात वाचतो. ही पद्धत बंदच व्हायला हवी.

चार्जबुक

अभ्यागतांचं रजिस्टर बंद करा, आनंदच आहे. मी बोलतोय गार्डच्या स्वतःच्या डायरीबद्दल. अ‍ॅप दारातून कोण आलं ते सांगतं. भिंतीवरून आलेला, गॅसचा वास, पंपरूमचं तुटलेलं कुलूप त्यात येत नाही. शिवाय तीन गार्ड एकाच लॉगिनवर काम करतात, मग नोंद नक्की कुणाची?

कोर्टात हाच प्रश्न येतो. भारतीय साक्ष अधिनियम 2023 (1 जुलै 2024 पासून लागू) कलम 162 प्रमाणे साक्षीदार स्वतः त्या वेळी किंवा लगेच नंतर केलेलं लिखाण पाहून आठवण ताजी करू शकतो. अ‍ॅपमधला डेटा द्यायचा तर कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते गार्ड कुठून आणणार?

चोर पकडून ठेवला असेल तर वेळेची नोंद आणखी महत्त्वाची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 खाली खासगी व्यक्तीने विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं असतं. पकडल्याची वेळच लिहिली नाही तर सहा तास मोजायचे कुठून?

सब्जेक्ट-निळा

खासगी तपासातून बघितलं तर वरचे दोन्ही पक्ष अपुरे आहेत. पाळतीवरच्या माणसाचा टर्नआउट म्हणजे लक्षात न राहणं. लग्नाच्या हॉलबाहेर जीन्स-टीशर्ट खुपतो, मंडईत फॉर्मल शर्ट खुपतो. नवे कोरे पांढरे बूट तर सगळीकडे. मात्र क्लाएंटकडे अहवाल द्यायला जाताना इस्त्रीचा शर्टच हवा, तिथे विश्वास विकायचा असतो.

डायरीबद्दल एक सावधगिरी. साक्ष अधिनियमाच्याच कलम 164 प्रमाणे साक्षीदाराने जे लिखाण पाहिलं, ते विरुद्ध पक्षाला मागता येतं आणि त्यावर उलटतपासणीही होते. पानाच्या कोपऱ्यात 'बाई खोटारडी वाटते' लिहून ठेवलंत की वकिलाला आयतं कोलीत. एका प्रकरणाला एक वही, सब्जेक्टचं (ज्याच्यावर पाळत आहे त्याचं) नाव नाही, फक्त खूण. समोर उभं राहून लिहायचं नाही; वळणाआड गेल्यावर, पण लगेच. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी मोबाइलशी जुळवा, फरक असेल तर पहिल्याच ओळीत लिहा. सोसायटीच्या डीव्हीआरलाही (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला) हेच लागू. 'डीव्हीआर 7 मि. पुढे' ही ओळ नसेल तर फुटेज आणि डायरी एकमेकांना खोटं पाडतात.

नाडीबंद

डीव्हीआरचं पटलं. पण तुम्ही मंडळी बोलताय त्या डायऱ्या असतात तरी कशा? स्पायरल वही, जेल पेन, पहिल्या पावसात शाईचा ओघळ. दुपारी चार वाजता सकाळच्या राउंडच्या सहा नोंदी एका दमात, एकाच हाताने, एकाच शाईत. '06:00, 07:00, 08:00 सर्व ठीक.' याला 20 गुण दिले तर लोक खोटं लिहायला शिकतील.

चार्जबुक

म्हणून गुण नोंदींच्या संख्येला नकोत, तपासणीला द्या. शिवलेली, पानांवर छापील क्रमांक असलेली खिशात मावणारी वही (स्पायरलचं पान फाडलेलं कळत नाही). बॉलपेन. चूक झाली तर एक आडवी रेघ आणि सही. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही, रिकामी ओळ नाही. खरा राउंड कधी बरोबर सहाला होत नाही, 06:04 ला होतो. सगळ्या वेळा शून्यावर संपत असतील तर त्या बसून लिहिल्यात. सुपरवायझरने अवेळी येऊन शेवटच्या नोंदीखाली वेळेसह सही करावी, म्हणजे त्याच्या वर काही घुसवता येत नाही.

रात्रपाळीची हमखास चूक तारखेची. 00:00 नंतरही आदल्या दिवसाचीच तारीख चालू राहते आणि पहाटे 02:15 ची घटना अख्खा एक दिवस मागे जाते. मध्यरात्री पूर्ण रेघ मारून नवी तारीख लिहा.

दोन जोड

आणि कुठल्या भाषेत? गार्ड बिहारचा किंवा ओडिशाचा, सुपरवायझर म्हणतो इंग्रजीत लिही. मग 'सस्पेक्टेड पर्सन सीन'खेरीज त्याच्याकडे शब्दच नसतात. ज्या भाषेत तो तोंडी सांगू शकतो त्याच भाषेत लिहू द्या. वेळ आणि गाडीचा नंबर तेवढा इंग्रजी आकड्या-अक्षरांत.

स्कॅनगेट

मग ते ओडियातलं पान इथल्या चौकीत वाचणार कोण? आवाज रेकॉर्ड करून ठेवणं सोपं नाही का?

दोन जोड

रेकॉर्डिंग करायचं कुणाच्या फोनवर, गार्डच्या? मग रिचार्जही करारात लिहा.