राक्षसाचा जीव पोपटात की बाटलीत?

तासगावची_लेक:
माझी आजी मिरजेची. तिचं लहानपण दर्ग्याजवळच्या गल्लीत गेलं. शेजारच्या चाची रात्री गोष्टी सांगायच्या, त्यातलीच एक आजी आम्हाला बेदाणे निवडता निवडता सांगायची. शहजादा तसबीर बघूनच परीवर भाळतो. तिला पळवून नेणारा राक्षस कशानंच मरत नाही, कारण त्याचा जीव काचेच्या बाटलीत. आम्ही ओरडायचो, "आजी, जीव पोपटात असतो गं!" ती म्हणायची, "तुमच्या राक्षसाचा. ह्याचा बाटलीत." आणि त्या राक्षसाला ती 'देव' म्हणायची! देवानं पोरगी पळवली म्हटल्यावर आई जाम चिडायची. आजी आता नाही. ही गोष्ट नक्की कुठली?

वाळव्याचा_गडी:
हातिमताई असणार. गावच्या वाचनालयातल्या प्रतीवर शेंगांच्या तेलाचे डाग आहेत, ते माझेच.

कृष्णाकाठ_सातारा:
हातिमताईच, असं छातीठोक नको म्हणायला. हा मसाला फारसी दास्तानांत सगळीकडेच सापडतो. मोडी कागद वाचायचे म्हणून मी थोडं फारसी शिकलो आणि या गोष्टींत अडकलो.

पहिलं म्हणजे, आजी चुकत नव्हत्या. फारसीत 'दीव', आपल्याकडच्या उर्दूत 'देव', म्हणजे राक्षसच. आपला देव आणि त्यांचा दीव मुळात एकच शब्द. जरथुष्ट्राच्या धर्मात जुने देव खलनायक ठरले आणि अर्थ फिरला. आईंना सांगा, राग सोडा.

बाटलीला तिकडे 'शीशे-ए-उम्र' म्हणतात, आयुष्याची बाटली. तसबिरीवर भाळणं तर नेहमीचंच. 'अमीर अर्सलान' या फारसी दास्तानीत नायक फर्रुखलका या राजकन्येचं नुसतं चित्र बघतो आणि राज्य सोडून निघतो. १९व्या शतकात इराणचा बादशाह नासिरुद्दीन शाह रात्री आडवा झाला की त्याचा कथेकरी ही गोष्ट सांगायचा, आणि शाहाची मुलगी दाराआडून ऐकून उतरवून घ्यायची, असं सांगतात. त्यातल्या फौलादजिरह नावाच्या दीवाला एकच रत्नजडित तलवार लागू पडते, बाकी सगळी हत्यारं बोथट. ती तलवार जवळ असली की जादूटोणाही बाधत नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात ना? इराणातही 'आल' नावाची हडळ बाळंतिणीचं काळीज नेते म्हणून लोखंड जवळ ठेवत.

तासगावची_लेक:
अगंबाई! आजीच्या गोष्टीत शहजादा त्या देवाला सगळं मुद्दाम उलटं सांगायचा. तेही तिकडचंच का?

कृष्णाकाठ_सातारा:
अस्सल तिकडचं. 'शाहनामा' या फारसी महाकाव्यात अकवान दीव झोपलेल्या रुस्तम या वीराला खालच्या जमिनीसकट उचलतो आणि विचारतो, डोंगरावर आपटू की समुद्रात टाकू? दीव सांगितल्याच्या उलट करतो हे रुस्तमला ठाऊक. तो म्हणतो, डोंगरावर. पडतो समुद्रात, आणि पोहून बाहेर येतो.

तासगावची_लेक:
आता कळलं. मी जेवताना हट्ट केला की आजी ताट ओढून म्हणायची, "अजिबात जेवू नकोस हां." आणि मी भाकरीचा तुकडासुद्धा ठेवायची नाही.