हेंडरसन फील्ड आणि सहावी सी-बीज बटालियन

प्रश्न: १९४२ मध्ये प्रशांत महासागरातील ग्वाडलकॅनाल बेटावरील हेंडरसन फील्ड या धावपट्टीवर सतत बॉम्बहल्ले होत असताना तेथून विमाने उडत कशी राहिली? अमेरिकी नौदलाच्या बांधकाम बटालियनांचे, म्हणजे सी-बीजचे, यात नेमके काय काम होते?

प्रतिसाद १: ही धावपट्टी मुळात जपान्यांनी बांधायला घेतली होती, ऑगस्टमध्ये अमेरिकी मरीन सैनिकांनी ती जिंकली आणि जपान्यांनीच मागे सोडलेल्या यंत्रांनी पुरी केली. सहावी बटालियन १ सप्टेंबरला तेथे उतरली. माझ्या मते तिचे सर्वांत मोठे काम खड्डे बुजवण्याचे होते. एका बॉम्बच्या खड्ड्याला किती भराव लागतो याचा हिशेब आधीच करून तेवढी वाळू-खडी भरलेले ट्रक धावपट्टीलगत आडोशाला उभे ठेवलेले असत, त्यामुळे आपली विमाने वर घिरट्या घालत असतानाही काम लगेच सुरू होई.

प्रतिसाद २: पावसाने होणारा चिखल हाही तितकाच मोठा शत्रू होता, हे येथे नोंदवायला हवे. त्यावर भोके पाडलेल्या पोलादी पट्ट्यांचे आच्छादन घातले गेले. सुमारे १० फूट लांब, १५ इंच रुंद आणि ३० किलो वजनाची प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीत अडकत असे, आणि हल्ल्यात फाटलेल्या पट्ट्या काढून त्या जागी नव्या बसवता येत.