मदत हवी आहे: .३०८ ची फुल-लेंग्थ डाय नेमकी कुठे थांबवायची?

मंडळी, इथे अमेरिकेत घरी रीलोडिंग (झाडलेल्या काडतुसांच्या पितळी केसेस पुन्हा भरणं) करणारं कुणी आहे का? मी टेक्सासमध्ये, .३०८ विंचेस्टरची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल.

डाय (केस दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) शेल होल्डरला (प्रेसमध्ये केसचं बूड धरणारा भाग) टेकेपर्यंत खाली घेतली की केसचा खांदा (मानेखालचा उतार) ६ हजारांश इंच मागे जातो. मला २ पुरेत; नाहीतर पितळ दर वेळी ताणलं जाऊन केस बुडाच्या जरा वर तुटायची भीती. डाय थोडी वर घेतली तर काही केसेस २, काही शून्य, एखादीचा खांदा उलट पुढेच, आणि बोल्ट जड लागतो. केसचं अंग दाबलं गेलं की खांदा पुढे सरकतो, हे समजतं. पण एकाच सेटिंगला इतका फरक का?

डायचे आटे इंचाला १४, म्हणजे २ हजारांश म्हणजे जेमतेम १० अंश. डाय जागेवर धरणारी लॉकरिंग आवळतानाच तेवढं फिरतं!

केसेस एकाच कंपनीच्या, पण बऱ्याचदा वापरलेल्या, अ‍ॅनीलिंग (तापवून पितळ मऊ करणं) न केलेल्या. माझा संशय त्यावरच. मोजतो कंपॅरेटरने (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजायचं साधन), प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढून. आधी अ‍ॅनीलिंग करू, की २-२ हजारांशाने उंची वाढत जाणारे शेल होल्डर घेऊ? फक्त मान साइझ करण्याचा सल्ला नको. शिकारीत राउंड (काडतूस) सहज चेंबरमध्ये बसायला हवा.