शब्दचर्चा : काळीवर चढणाऱ्या पांढरीला काय म्हणायचं?

प्रश्न – वडगाव, बेळगाव

एका लेखाचं मराठी करताना ‘अर्बन स्प्रॉल’पाशी अडलोय. कोशातला ‘नागरी विस्तार’ मनाला पटत नाही. विस्तार मंत्रिमंडळाचाही होतो. शहर वाट फुटेल तिकडं पसरतं, त्यातली घाई आणि नासाडी या शब्दात उतरत नाही. आमच्याकडं पेपरात ‘हद्दवाढ’ येतो, पण ती कागदावरची गोष्ट, आणि ती मागाहून येते. शहर त्याआधीच हद्दीबाहेर गेलेलं असतं. 2011 च्या जनगणनेत बेळगाव महापालिकेची लोकसंख्या 5 लाखांच्या आत होती, नागरी समूहाची मात्र 6 लाखांवर. मधले लाखभर लोक राहतात शहरात आणि मोजले जातात हद्दीबाहेर. हिंडलगा, कंग्राळी, मच्छे, पिरनवाडी या वाटांनी जाताना शहर कुठं संपलं ते सांगताच येत नाही. या वाढीला आपल्या माणसांच्या तोंडचा शब्द हवा.

उत्तर – खानापूर

जुनी जोडी आहे ना : काळी आणि पांढरी. माणसं राहतात ती पांढरी, पिकतं ती काळी. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख आणि पडलेल्या भिंतींची माती मिसळून वस्तीची जागा पांढुरकी होते, त्यावरून हे नाव. जुन्या वस्त्या शोधणारे उत्खननवालेही ‘पांढरीची टेकाडं’ म्हणतात. आमच्या भागात माती तांबडी, पण शब्दाला रंगाशी फारसं देणंघेणं नाही. राहायची जमीन वेगळी आणि पोटाची वेगळी, ही वाटणी त्यात आहे. गावठाणाला शीव होती, म्हणून पांढरी आपल्या जागी राहिली. आज काळीवर पांढरी चढते आहे. मी तर ‘पांढरी चढणे’ असंच लिहीन.

प्रश्नकर्ता

हे फार आवडलं. आमच्या घरात अजून ‘शेतात’ म्हणत नाहीत, ‘शिवारात जाऊन येतो’ म्हणतात. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर ही सगळी भाताची शिवारं. आता त्याच वाटेवर दगड पुरून 30 बाय 40 च्या जागा पाडलेल्या दिसतात. गुंठा 33 फूट बाय 33 फुटांचा, म्हणजे 1089 चौरस फूट, आणि 40 गुंठ्यांचा एकर. ही जागा 1200 चौरस फुटांची, गुंठ्याहून जरा मोठी. शेताचं माप आणि घराचं माप इतकं जवळ आहे की एकाचं दुसरं व्हायला वेळ लागत नाही.

उत्तर – निपाणी

आमचे पाहुणे कागल-कोल्हापूरचे. शेताचे असे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विनापरवाना विकण्याला तिकडं ‘गुंठेवारी’ म्हणतात. महाराष्ट्रात 2001 ला त्या नावाचा कायदाच झाला, म्हणून शब्द पक्का बसला. शीव ओलांडून इकडं कर्नाटकात आलं की तीच गोष्ट ‘अक्रम-सक्रम’ होते. शब्द कन्नड कारभारातून आलेला, पण मराठी पेपरात सर्रास चालतो. कन्नडमध्ये अक्रम म्हणजे बेकायदा आणि सक्रम म्हणजे कायद्यात बसवलेलं. ‘बगरहुकूम’ त्याहून जुना, फारसी वळणाचा : हुकमाविना सरकारी जमीन कसणं. हे तिन्ही शब्द कागद आहे की नाही एवढंच विचारतात. वाढ कशी झाली ते एकही सांगत नाही.

प्रश्नकर्ता

थांबा, ‘अक्रम’ मला सोडवत नाही. मराठी कानाला अक्रम म्हणजे बेकायदा नव्हे. ज्याला क्रम नाही ते अक्रम. आणि खरा रोग तोच आहे! आधी रस्ता, गटार, पाण्याची वाट, मग घर, हा क्रम. आपल्याकडं आधी घर, मग नळासाठी अर्ज, मग रस्त्यासाठी मोर्चा, आणि गटाराची आठवण पहिल्या पुरानंतर. एकेका लेआउटची बिनशेती परवानगी चोख असेल, तरी शेजारच्या लेआउटशी रस्ता जुळत नसेल तर वाढ अक्रमच. दरवर्षी पावसात बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी भाताच्या शिवारात शिरतं तेव्हा शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. माझी सूचना : ‘अक्रम वाढ’.

उत्तर – खानापूर

मान्य. मग ‘प्लॅनिंग’ला नियोजन नको, ‘आखणी’ म्हणा. नियोजन बैठकीत होतं, आखणी जमिनीवर. आपण मुंबई इलाख्यात होतो तेव्हा 1915 चा नगररचना कायदा आला. त्यातली कल्पना साधी : सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा आधी आखायच्या, आणि उरलेल्यातून प्रत्येकाला लहान पण नीट आकाराचा तुकडा परत द्यायचा. गुजरात-महाराष्ट्रात ही ‘टी.पी. स्कीम’, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, अजून चालते. आपण 1956 ला म्हैसूर राज्यात गेलो आणि 1961 च्या तिथल्या नव्या नगररचना कायद्याखाली आलो.

प्रश्नकर्ता

अजून एक शब्द या ओट्यावर ठेवतो. टेरी मॅकगी नावाच्या भूगोलतज्ज्ञांनी जकार्ताभोवतीच्या अशाच प्रदेशाला ‘देसाकोटा’ नाव दिलं. भातशेती, कारखाने आणि दाट वस्ती एकमेकांत मिसळलेली, घरातला एक माणूस शेतात तर दुसरा कामगार. इंडोनेशियाच्या भाषेत देसा म्हणजे खेडं आणि कोटा म्हणजे शहर. पण शब्द बघा : एक आपला ‘देश’, दुसरा ‘कोट’. संस्कृतातून तिकडं गेले आणि अर्थ बदलून बसले. आपल्या किल्ला तलावाला कन्नडमध्ये ‘कोटे केरे’ म्हणतात, तोच हा कोट. येळ्ळूर रस्त्यावर उभं राहिलं की एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला चारमजली घर दिसतं. त्याला देसाकोटा हे नाव नेमकं लागू पडतं. फरक एवढाच की ‘अक्रम वाढ’ हा दोष आहे आणि देसाकोटा ही स्थिती. दोन्ही शब्द हवेत.

उत्तर – निपाणी

एका जमिनीला अजून नाव मिळालं नाही. विकली गेली, दगड पुरले, बिनशेती झाली, पण घर नाही आणि पीकही नाही. दहा-दहा वर्षं नुसतं गवत. ‘पड’ म्हणावं तर पड जमीन शेतकरी पुढच्या पेरणीसाठी ठेवतो, ही तशी नाही. काळी नाही, पांढरीही नाही. तुमच्या गावात हिला काय म्हणतात?