सेल्फ सर्व्हिस लाँड्रीत माणूस कपडे धुवायला नाही, वाळवायला येतो. पटतं का?

राजेंद्रनगरवाला

इंदुरात भंवरकुआंच्या मागच्या गल्लीत आमचं एक दुकान आहे. इतकी वर्षं स्टेशनरीवाल्याला भाड्यानं दिलं होतं, आता रिकामं झालंय. भाच्याला तिथं सेल्फ सर्व्हिस लाँड्री टाकायची आहे. म्हणजे कपडे आपणच आणायचे, मशीनमध्ये आपणच घालायचे आणि आपणच काढून न्यायचे. पोरगा मेहनती आहे, पण एका गोष्टीवर आमचं जमत नाही. तो म्हणतो, बाहेर मोठ्या अक्षरांत धुण्याचा दर लावू, तोही आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा कमी, पोरं दर बघूनच येतात. माझं म्हणणं, गिऱ्हाईक ड्रायरसाठी येतं. चार मशीनची जागा आहे, तर निम्मी जागा ड्रायरला द्यायला हवी.

धुणं इंदुरात कसंही होतं. हॉस्टेलात बादली आहे, घरी मशीन आहे, मल्टीत (फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये) बाई आहे. वाळवायचं मात्र श्रावणात कुठं? गेल्या वर्षी मुलीचा शाळेचा युनिफॉर्म तीन दिवस पंख्याखाली होता. सकाळी इस्त्री फिरवली की वाफ निघायची, आणि कमरेच्या पट्टीला हात लावला तर ती गारच. वर तो कुबट वास. चौथ्या रात्री सगळं बोचकं घेऊन विजयनगरकडच्या एका लाँड्रीत गेलो. चाळीस मिनिटांनी ड्रायरचं दार उघडलं, तर मुलीनं स्वेटर उचलून गालाला लावला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. त्या तासाभरात आमच्याशिवाय पाच जण आले. त्यातले तिघे घरून धुतलेले ओले कपडे घेऊन आले होते. त्यांनी वॉशिंग मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

ड्रायर महाग पडतो हे मला ठाऊक आहे. साध्या ड्रायरमध्ये एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान ०.६३ युनिट वीज लागते, हा निसर्गाचाच हिशेब. सात किलो कपडे मशीननं चांगले पिळले तरी त्यांत साडेतीन-चार लिटर पाणी उरतं. म्हणजे सव्वादोन-अडीच युनिट तर गेलेच, शिवाय बाहेर जाणारी गरम हवा, शिवाय दुकानाचा कमर्शियल मीटर. म्हणून मी भाच्याला म्हटलं, जोरात फिरणारा एक स्पिनरही ठेव. हातानं पिळलेले कपडे आणणाऱ्याचं पाणी आधी त्यात काढायचं. पिळून काढलेलं पाणी स्वस्तात जातं, तापवून काढलेलं महागात.

तुमचं मत सांगा. भाचाही वाचणार आहे.

पीएससी_तिसरा_अटेम्प्ट

काका, मी तुमच्या दुकानापासून पाच मिनिटांवर राहतो आणि मला हे पटत नाही. पाऊस चार महिने. एप्रिलात माळव्याच्या गच्चीवर जीन्स दोन तासांत खडखडीत वाळते. ड्रायरच्या भरवशावर दुकान टाकलं तर बाकीचे आठ महिने भाच्यानं करायचं काय?

आम्ही येतो ते वेळ वाचवायला. आमच्या मजल्यावर बारा मुलं आणि एक नळ. रविवारी सकाळी टेस्ट असते, ती संपवून येईपर्यंत नळावर रांग, आणि संध्याकाळी मालक गच्चीला कुलूप लावतात. एका तासात आठवड्याचे कपडे होणार असतील आणि तेवढ्यात बाकावर बसून करंट अफेअर्सची पंधरा पानं वाचून होणार असतील, तर मी पैसे देईन. पण किती द्यायचे ते आधी कळू दे. बाहेर लिहिलेला दर वेगळा, आत पावडरचे वेगळे, ड्रायर वेगळा, वर ‘अजून थोडे ओले आहेत, दहा मिनिटं वाढवा’. महिन्याचे पैसे घरून मोजून येतात. धुणं, पावडर आणि वाळवणं मिळून एकच आकडा लावा. तो थोडा जास्त असला तरी चालेल.

सुदामानगरची_काकू

दर आणि ऊन-पाऊस ठीक आहे, पण मी आत गेल्यावर पहिल्यांदा ड्रमच्या तोंडाचा रबर बघते. का, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी रंगपंचमीनंतर आमचं मशीन बिघडलं, म्हणून ह्यांचे पांढरे कुडते अशाच एका लाँड्रीत घेऊन गेले. आदल्या दिवशी गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक. राजवाड्यावरून आलेल्या कुणीतरी गुलालाचे कपडे त्याच मशीनमध्ये धुतले असणार. रबराच्या घडीत रंग साचून राहिला होता. पाचही कुडत्यांच्या कॉलरवर गुलाबी पट्टे! तिथला मुलगा म्हणे, मशीन तर साफच होतं. मी घडीत बोट घालून फिरवलं आणि त्याच्यापुढं धरलं. बोट लालभडक. तेव्हापासून कुठंही गेले तरी आधी बोट फिरवते, मग कपडे घालते.

बायकांना आणायचं असेल तर गिऱ्हाइकासमोर फडक्यानं रबर पुसा, आणि होळीपासून रंगपंचमीपर्यंत रंगाच्या कपड्यांना एक मशीन वेगळं ठेवा, त्यावर तसं लिहा. आणखी एक. आतले कपडे आम्ही धोब्याला देत नाही, घरी येऊन गठ्ठा नेणाऱ्यांनाही देत नाही. हॉस्टेलच्या मुली तर दोरीवरसुद्धा ओढणीखाली वाळत घालतात आणि ते कधी नीट वाळत नाहीत. आपले कपडे दुसऱ्याच्या हातात जात नाहीत, यासाठीच त्या अशा दुकानात येतील. पण दाराला काच हवी, रस्त्यापर्यंत उजेड हवा आणि संध्याकाळी काउंटरवर एखादी बाई असेल तर फारच बरं.

तिलकनगर_आजोबा

मी पाण्याचं बोलतो. १९७० साली नर्मदा इंदुरात आणा म्हणून आंदोलन झालं, त्यात आमची पिढी रस्त्यावर होती. आज ते पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणतात. तरी कित्येक मल्टींत प्यायला नर्मदा आणि बाकी सगळ्याला बोरिंग, अशीच वाटणी आहे. बोरिंगच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं. फेस येत नाही, माणूस आणखी पावडर घालतो, पांढरे कपडे करडे होतात आणि टॉवेल पापडासारखा कडक वाळतो.

राजेंद्रनगरवाले, तुम्ही म्हणता धुणं कुठंही होतं. चांगलं धुणं होत नाही! जगातलं पहिलं असं दुकान १९३४ साली अमेरिकेत टेक्ससच्या फोर्ट वर्थ गावी निघालं. चार विजेची मशीन, भाडं तासावर. लोकांच्या घरी मशीन नव्हतं, म्हणून ते धुवायलाच आले. तुमच्या गिऱ्हाइकाच्या घरी मशीन असेल, पण मऊ पाणी नाही. पाणी मऊ करायचं सॉफ्टनर यंत्र बसवा. त्यातल्या रेझिनला, म्हणजे क्षार धरणाऱ्या बारीक मण्यांना, वेळोवेळी मिठाचं पाणी द्यावं लागतं, तो खर्च धरून चाला. एकदा टॉवेल मऊ निघाला की ते घर तुमचं झालं.

दोन_वर्षं_चालवली

मी चालवली आणि बंद केली, म्हणून लिहितो. सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर आहे, पण माझा गल्ला रजाईनं भरला. दिवाळीच्या आधी काढायच्या म्हणून आणि होळीनंतर ठेवायच्या म्हणून. डबलची रजाई घरच्या सात किलोच्या मशीनमध्ये मावत नाही, कोंबली तर आतून कोरडीच निघते. म्हणून एक तरी मशीन मोठं घ्या. मात्र रुईची, म्हणजे कापसाची, रजाई घेऊ नका. ओली झाली की रुईचे गोळे होतात आणि ती परत पसरत नाही. पहिल्या हिवाळ्यात एका आजींची माहेरची रजाई माझ्या दुकानात अशी खराब झाली. तो प्रसंग मला अजून आठवतो. दारावरच पाटी लावा: फक्त फायबरची.

दुसरी गोष्ट काकांच्या बाजूची. माझ्याकडे एकच ड्रायर होता. भादव्यात तो अकरा दिवस बंद पडला. धुण्याची मशीन चालूच होती, पण ती सोडून लोक गेले आणि दिवाळीपर्यंत अर्धेही परतले नाहीत. दोनाखाली ड्रायर ठेवू नका.

प्रेसवाल्याचा_मुलगा

माझे वडील पलासियात चाळीस वर्षं प्रेस, म्हणजे कपड्यांना इस्त्री, करतात. प्रत्येक नव्या लाँड्रीबरोबर आमची चार-सहा घरं जातात. लोक कशानं येतात याची चर्चा चांगली आहे, पण कुणाकडून जातात तेही लिहा.

राजेंद्रनगरवाला

भाऊ, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ड्रायरमधून निघालेल्या कपड्यांना प्रेस लागतेच, आणि ती आम्हाला करायची नाही. दुकानाच्या बाजूला ओट्याची सहा फूट जागा आहे. आमच्या गल्लीतला प्रेसवाला सध्या झाडाखाली उभा असतो, पाऊस आला की गाडीवर ताडपत्री टाकून बसून राहतो. त्याला ती जागा देऊ, भाडं न घेता. लाईट आमची. त्याच्याशी मी उद्याच बोलतो.

काकू, रबर दर गिऱ्हाइकामागं पुसला जाईल. काउंटरसाठी शेजारच्या ताईंना विचारलंय. आजोबा, सॉफ्टनरचं पटलं. आमच्या दुकानालाही बोरिंगच आहे आणि तोटीवर पांढरा थर मीच दर महिन्याला खरवडतो. दोन वर्षं चालवणारे दादा, तुमच्या अकरा दिवसांनी भाचा गप्प झाला. त्याचा चौथं धुण्याचं मशीन घ्यायचा हट्ट सुटलाय. आता एक लहान, एक मोठं, दोन ड्रायर आणि कोपऱ्यात स्पिनर.

पीएससीवाले बाळ, आठ महिन्यांचा तुझा मुद्दा खरा आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. थोडं रजाई भरून काढेल, थोडं तुमच्या गच्चीचं कुलूप. तरी पावसाच्या चार महिन्यांत आलेला माणूसच उरलेल्या आठांत परत येईल, असं मला वाटतं. दाराबाहेर एकच आकडा लावू, सगळं धरून. त्याखाली दुसरी ओळ फक्त ड्रायरची.

पीएससी_तिसरा_अटेम्प्ट

रात्री किती वाजेपर्यंत उघडं?

राजेंद्रनगरवाला

अकरा.

पीएससी_तिसरा_अटेम्प्ट

लायब्ररी दहाला बंद होते. मग जमेल. जुलैत मी ओलेच कपडे घेऊन येईन, काका. स्पिनर नक्की ठेवा.