न पेटलेले रॉकेट, उरलेल्या मोटरी आणि नाशिकचा प्रवास

ह्यूस्टनवासी (प्रश्न)

नमस्कार. माझ्या १२ वर्षांच्या मुलाला मॉडेल रॉकेटचा छंद लागला आहे. गेल्या शनिवारी मैदानावर दोन प्रकार घडले. पहिल्या वेळी बटण दाबूनही सी६-५ प्रकारची मोटर (रॉकेटला वर ढकलणारी, दारू भरलेली कागदी नळी) पेटली नाही आणि मी काही बोलायच्या आत तो रॉकेटकडे धावला. कसाबसा त्याचा दंड धरला. दुसऱ्या वेळी मोटर पेटली, पण रॉकेट ज्या उभ्या रॉडवरून सुटते त्या रॉडवरच फुटली आणि पंखांच्या वरचा पुठ्ठा काळा पडून उभा फाटला. या मोटरी संपूर्ण उन्हाळाभर गाडीच्या डिकीत होत्या. न पेटलेल्या रॉकेटजवळ किती वेळाने जावे, मोटर का फुटली असावी, आणि डिसेंबरात नाशिकला जाताना उरलेल्या चार मोटरी आजोबांसाठी सामानातून नेता येतील का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

नभांगण

दंड धरलात, हे फार चांगले केलेत. न पेटलेली मोटर निकामी झाली असे कधीच समजू नये. तिकडच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमावलीप्रमाणे आधी कंट्रोलरची (रॉकेट सोडण्याचे बटण असलेल्या पेटीची) चावी काढावी किंवा बॅटरी सोडवावी, शेवटच्या प्रयत्नानंतर पूर्ण ६० सेकंद थांबावे आणि मगच जवळ जावे. चावी मोठ्या माणसाच्या खिशात असली, की मुलाच्या घाईला आपोआप आळा बसतो. बहुतेक वेळा इग्नायटरचे (मोटर पेटवणाऱ्या बारीक तारेचे) टोक आतल्या दारूला टेकलेले नसते. तो बाहेर काढून, नीट आत सरकवून प्लास्टिकच्या बुचाने घट्ट बसवावा. रॉडच्या टोकावर टोपण ठेवायला विसरू नका, कारण वाकून पाहताना तो डोळ्यात जाऊ शकतो.

मोटर फुटण्याचे कारण मला तरी डिकीच वाटते. कागदी नळी आणि तिच्यात दाबून भरलेली बंदुकीची दारू उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. दिवसा तापणे आणि रात्री निवणे असे अनेकदा झाले, की दारूच्या कांडीला चीर जाते किंवा ती नळीपासून सुटते. मग ज्वाला एका टोकाकडून क्रमाने न सरकता त्या फटीत शिरते, एकदम बरीच दारू पेटते आणि दाब नळीला पेलवत नाही. बाहेरून हे दिसत नाही. म्हणून उरलेल्या चारही मोटरी वापरू नयेत; बादलीभर पाण्यात बुडवून त्यांची नळी सुटून दारूचा लगदा होईपर्यंत ठेवाव्यात.

दोन्हीकडचा

ताई, चांगल्या मोटरी असत्या तरी विमानातून नेता आल्या नसत्या. अमेरिकेत रॉकेट मोटरी हातातल्या आणि चेक-इन अशा दोन्ही सामानात निषिद्ध आहेत. भारतात बंदुकीची दारू १८८४च्या स्फोटक कायद्याखाली येते आणि तिच्या आयातीला परवाना लागतो. हे काम पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय नागपुरात आहे. मोटर नसलेले रॉकेट, पॅराशूट आणि पंख आजोबांना खुशाल दाखवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. तिथे गेल्यावर दिवाळीचे उरलेले बाण फोडून त्यांची दारू नळीत भरण्याचा विचार भाचे मंडळींच्या डोक्यात येऊ देऊ नका. १९५७मध्ये स्पुटनिकनंतर अमेरिकन मुलांनी घरोघरी असेच इंधन बनवायला घेतले आणि अनेक जण जखमी झाले. कारखान्यात तयार झालेली, एकदाच वापरायची मोटर या छंदात रुजली ती याच धोक्यावरचा उपाय म्हणून. नेब्रास्कातील ऑरव्हिल कार्लाइल यांनी तशी मोटर १९५४मध्येच तयार केली होती. नाशिकमध्ये पाण्याचे रॉकेट उडवा. सोड्याची दोन लिटरची बाटली घ्यावी, साध्या पाण्याची नको, कारण ती दाब सोसण्यासाठी केलेली नसते. एक तृतीयांश पाणी भरून सायकलच्या पंपाने हवा भरावी आणि लांबून दोरी ओढून सोडावे. गच्चीवरून उडवू नये, आणि विजेच्या तारेत अडकले तर काढायला जाऊ नये; ते तिथेच राहू द्यावे.

ह्यूस्टनवासी

दोघांचेही मनापासून आभार. चारही मोटरी काल रात्री पाण्यात टाकल्या. सकाळी पाहिले, तर कागद पदरापदराने सुटला होता आणि तळाशी काळा गाळ बसला होता. चिरंजीव बराच वेळ बादलीपाशी उकिडवे बसून होते. आता कंट्रोलरची चावी माझ्याकडे असते, आणि साठ सेकंद तो स्वतः मोठ्याने मोजणार आहे.